दिवाणखान्यातला सूर्य

घड्याळावर आकडे नसले तर वेळ कळेल का? हा प्रश्न घरातल्या कोणालाही विचारून पाहावा. सकाळी डबा भरण्याच्या घाईत असलेली गृहिणी काय, किंवा ठरलेली लोकल गाठण्यासाठी धडपडणारे तिचे यजमान काय, घड्याळाकडे एक नजर टाकतात आणि कामाला लागतात. त्या एका नजरेत आकडे वाचायला सवड कोणाला असते? दोन काट्यांमधला कोन डोळ्यांत भरला की वेळ कळून चुकते. ही साधी गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वी न्यू यॉर्कमधल्या एका कचेरीने हेरली. तिने घड्याळावरचे बाराही आकडे पुसले, तबकडीसुद्धा काढून टाकली आणि त्या जागी बारा किरण बसविले. मध्ये एक लहानशी गोल डबी, तिच्यातून चहूबाजूंना फुटलेले बारा पितळी दांडे आणि दांड्यांच्या टोकांना लाकडी गोळे. भिंतीवर टांगले की वाटावे, सूर्यच उगवला!

हे घड्याळ १९४९ साली बाजारात आले. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मध्यमवर्गीय घरांत सूर्यांचे जणू पीकच आले. सूर्याची घड्याळे झाली, सूर्याचे आरसे झाले, छताला किरणांची झुंबरे लोंबू लागली, पडद्यांवर आणि बशांवर किरण फुटू लागले. इंग्रजीत या नक्षीला 'सनबर्स्ट' म्हणतात. आपण तिला किरणचक्र म्हणू. त्या काळच्या एकूण सजावटीला आज 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' असे भारदस्त नाव मिळाले आहे आणि तिची हौस पुन्हा जगभर पसरली आहे. आपल्याकडच्या सजावटीच्या दुकानांतही पितळी किरणांचे आरसे आता सर्रास दिसतात.

परंतु सूर्य काही १९५० साली नव्याने उगवला नव्हता. मग नेमक्या त्याच काळात तो इतक्या घरांच्या भिंतींवर कसा येऊन बसला? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास एका साध्या नक्षीत त्या काळाची उमेद आणि त्या काळाची भीती, दोन्ही सापडतात.

देवाचा सूर्य, राजाचा सूर्य

युरोपात किरणांचे सोनेरी चक्र प्रथम लोकांच्या नजरेत भरले ते देवघरात. रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये बेर्निनी या थोर शिल्पकाराने सतराव्या शतकात पीठासनामागे सोन्याचा मुलामा दिलेल्या किरणांचा एक प्रचंड झोत उभा केला. मधोमध पिवळसर काचेची खिडकी आणि तिच्याभोवती सर्व दिशांना झेपावणारे किरण, अशी ती रचना आहे. कॅथलिक उपासनेत पवित्र भाकरी लोकांच्या दर्शनासाठी ज्या पात्रात ठेवतात, त्याचीही घडण बहुधा सूर्यासारखीच असते. हे पाहायला रोमपर्यंत जायला नको. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चमध्ये मुख्य वेदीकडे मान वर करून पाहिले, तर संत इग्नेशियसच्या मूर्तीच्या वर येशूच्या नामाक्षरांभोवती असाच सोनेरी किरणांचा सूर्य दिसतो.

देवाचे तेज राजाने उचलले, तेही त्याच शतकात. फ्रान्सचा चौदावा लुई १६५३ साली दरबारातल्या एका नृत्यनाट्यात उगवत्या सूर्याचा वेष घालून नाचला. त्या वेळी तो अवघा १४ वर्षांचा होता. पुढे 'सूर्यराजा' हेच त्याचे नाव रूढ झाले आणि व्हर्सायच्या राजवाड्यात जागोजागी सूर्यमुख कोरले गेले. सोनेरी किरणांच्या चौकटीत बसविलेला गोल आरसा हा पुढे फ्रेंच दिवाणखान्यांचा खास थाट झाला, त्यामागे या दोन्ही परंपरा आहेत. म्हणजे बराच काळ हा सूर्य मोठ्यांचा होता. सामान्य माणसाने त्याच्यासमोर मान लववायची; त्याला खिळ्याला टांगून घरी ठेवण्याची सोय नव्हती.

अर्धा सूर्य

विसाव्या शतकात तो खाली उतरला. १९२० ते १९४० या वीस वर्षांत 'आर्ट डेको' नावाची जी शैली जगभर बोकाळली, तिने सूर्याला दरवाज्यांवर, लोखंडी जाळ्यांवर, रेडिओच्या पेट्यांवर आणि सिनेमागृहांत आणले. न्यू यॉर्कची १९३० साली पूर्ण झालेली क्रायस्लर इमारत डोळ्यांसमोर आणा. तिच्या शिखरावर एकावर एक चढत गेलेल्या पोलादी कमानी आहेत आणि त्या कमानींत त्रिकोणी खिडक्या किरणांसारख्या बसविल्या आहेत.

मुंबईकरांना तर हा सूर्य घरचाच. कुलाब्याच्या तोंडाशी असलेले रीगल सिनेमागृह १९३३ साली सुरू झाले. व्हिक्टोरिया टर्मिनसचे शिल्पकार फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे चिरंजीव चार्ल्स स्टीव्हन्स यांनी ते बांधले आणि आतली सजावट कार्ल शारा या कलावंताने केली. मुख्य प्रेक्षागृहात त्याने फिकट नारिंगी आणि पाचूसारख्या हिरव्या रंगात सूर्यकिरणांची नक्षी योजली होती. ओव्हल मैदानाच्या कडेने आणि मरीन ड्राइव्हवर फिरताना गॅलऱ्यांच्या आणि फाटकांच्या जाळ्यांकडे लक्ष द्यावे. लोखंडात वाकवलेले किरण अजूनही भेटतात. या साऱ्या परिसराची २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

आता या डेको सूर्याची एक खूण ध्यानात ठेवा. तो बहुतेक वेळा अर्धा असतो. खाली क्षितिजाची आडवी रेघ आणि तिच्यामागून पंख्यासारखे वर उघडलेले किरण. तो उगवता सूर्य आहे. पहाट झाली, दिवस चांगला जाणार, कारखाने चालणार, विमाने उडणार, असा भरवसा तो देतो. त्याला पूर्व दिशा आहे आणि पायाखाली जमीन आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जो सूर्य आला त्याला यांपैकी काहीच नाही. तो पूर्ण गोल आहे आणि त्याचे किरण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखेच फुटलेले आहेत. क्षितिजाची रेघ पार पुसली गेली आहे. या दोन सूर्यांच्या मध्ये काय घडले?

दुसरी पहाट

१६ जुलै १९४५. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहाटे साडेपाचच्या सुमारास, सूर्य उगवण्याआधीच उजाडले. अणुबाँबची ती पहिली चाचणी. त्या प्रकाशात कित्येक मैलांवरचे डोंगर स्पष्ट दिसले आणि उष्णतेने वाळू वितळून तिची हिरवट काच झाली. प्रयोगाचे प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर हे संस्कृत शिकलेले होते. तो लोळ पाहून आपल्याला गीतेतल्या विश्वरूपदर्शनाची आठवण झाली, असे त्यांनी पुढे सांगितले. ज्या अध्यायात सहस्र सूर्य एकदम आकाशात उगवल्याची उपमा आहे, तोच हा अकरावा अध्याय. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी.

माणसाने स्वतःच्या हाताने सूर्य पेटवला होता, आणि तो कोठेही पेटू शकत होता. असल्या सूर्याला क्षितिज कोठून असणार?

गंमत अशी, की अमेरिकन जनतेने या सूर्याची धास्ती घेतली आणि त्याचे कौतुकही केले. शाळेत मुलांना बाकाखाली दडून बसण्याची कवायत शिकवली जात होती. त्याच सुमारास, जानेवारी १९५१ पासून, नेवाडाच्या वाळवंटात चाचण्या सुरू झाल्या. लास व्हेगास शहर तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर. तेथल्या हॉटेलांत प्रवासी पहाटेपर्यंत जागून स्फोटाचा उजेड पाहात आणि बाँबच्या नावाची पेये पीत. हवेतले हे स्फोट १९६२ पर्यंत चालले. वाऱ्याबरोबर गेलेल्या किरणोत्सर्गी धुळीने ज्यांना कर्करोगासारखे आजार जडले, त्यांना भरपाई देण्याचा कायदा व्हायला १९९० साल उजाडावे लागले.

दुसऱ्या बाजूने हाच अणू आता दिवे लावणार, रोग बरे करणार, अशी आशाही दाखवली जात होती. १९५३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघात 'शांततेसाठी अणू' ही घोषणा दिली. भीतीही तीच आणि आशाही तीच. आणि ज्या गोष्टीची माणसाला एकाच वेळी ओढ आणि भीती वाटते, तिला तो लहान करून घरात आणतो, ही तर फार जुनी रीत आहे.

आकडे गेले, किरण आले

आता त्या घड्याळाकडे वळू. मिशिगन राज्यातल्या झीलंड गावी हॉवर्ड मिलर यांचा घड्याळांचा कारखाना होता. नव्या तऱ्हेची घड्याळे काढून देण्याचे काम त्यांनी जॉर्ज नेल्सन यांच्याकडे सोपवले. नेल्सन हे मूळचे वास्तुशिल्पी. लिहिण्यात आणि बोलण्यात तरबेज. त्यांचा विचार असा, की लोक काट्यांच्या जागेवरून वेळ ओळखतात, म्हणून आकड्यांची गरज नाही. आणि आता बहुतेकांच्या मनगटावर घड्याळ आल्यामुळे भिंतीवरचे घड्याळ ही मुख्यतः शोभेची वस्तू झाली आहे. मग ती शोभेलशी का करू नये?

बारा गोळ्यांच्या त्या पहिल्या घड्याळाची जन्मकथा नेल्सन मोठ्या रंगात येऊन सांगत. एका रात्री त्यांच्याकडे शिल्पकार इसामु नोगुची आणि घुमटांच्या रचनेमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले बकमिन्स्टर फुलर जमले होते. कचेरीतले सहकारी अर्व्हिंग हार्परही होते. मद्यपान रंगले आणि कागदाच्या गुंडाळीवर घड्याळांची चित्रे काढण्याची चढाओढ लागली. सकाळी गुंडाळी उलगडून पाहतात तो तिच्यात हे घड्याळ! ते कोणी काढले हे कोणालाच आठवेना. नेल्सन यांचा संशय नोगुचींवर होता.

कथा मजेदार आहे, पण तिच्या आड एक माणूस बराच काळ झाकला गेला. नेल्सन यांच्या कचेरीतून हॉवर्ड मिलरसाठी शंभराहून अधिक घड्याळे निघाली. त्यांपैकी बहुतेकांचे आरेखन अर्व्हिंग हार्पर यांचे होते. १९५० च्या सुमाराचे टोकदार किरणांचे 'सनबर्स्ट', नुसत्या फुलीसारखे 'ॲस्टरिस्क', १९५८ चे लाकडी पाकळ्यांचे आणि पाऊण मीटर व्यासाचे 'सनफ्लॉवर' ही त्या घराण्यातली गाजलेली मंडळी. परंतु बाहेर नाव जाई ते कचेरीच्या मालकाचे. त्या काळची रीतच तशी होती. हार्पर यांनी नेल्सन हयात असेपर्यंत त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. १९८६ साली नेल्सन वारल्यानंतर त्यांना ती गोष्ट थोडी टोचू लागली. पण तेव्हाही त्यांचे म्हणणे एवढेच, की आपण होऊन मी दुरुस्ती करायला जाणार नाही, कोणी विचारले तर मात्र आनंदाने सांगेन.

या माणसाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६४ च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या एका दालनाच्या कामाने त्यांच्या डोक्याला फार ताण झाला, तेव्हा रात्री घरी बसून त्यांनी कागद कापून, दुमडून, चिकटवून पशुपक्षी आणि मुखवटे करायला सुरुवात केली. पुढे तीन-चार दशकांत असे सुमारे तीनशे नमुने घरात साठले. त्यांतला एकही त्यांनी विकला नाही. २०१४ साली त्यांच्या गावी त्या कागदी शिल्पांचे प्रदर्शन भरले, तेव्हा लोकांना कळले की कोट्यवधींच्या ओळखीचे किरण ज्या हातांनी काढले ते हात हे. पुढच्याच वर्षी, ९९ व्या वर्षी, हार्पर वारले.

त्यांच्या गोळ्यांच्या घड्याळाला लोकांनी आपणहून 'ॲटॉमिक' म्हणायला सुरुवात केली होती. शाळेच्या पुस्तकात अणुरेणूंची चित्रे असत, त्यांत काड्या आणि गोळे असत. भिंतीवरही काड्या आणि गोळेच. त्या युगातले सर्वांत भीतिदायक चित्र आता शांतपणे चहाची वेळ सांगू लागले.

कापडावर सूर्य उमटेना

घड्याळाला किरण लावणे सोपे, कापडाला अवघड. ज्यांनी कधी भरतकाम केले असेल त्यांना हे चटकन पटेल. किरणचक्राला मध्य लागतो. त्या एका मध्याकडे पाहिले की नजर ठरते. पण पडद्याच्या कापडाला मध्य नसतो. तीच नक्षी वारावारावर पुन्हा येत राहते, शिवाय पडद्याला चुण्या पडतात. मोठा सूर्य छापला तर त्याचा अर्धा भाग चुणीत जातो आणि उरलेला तुटका दिसतो.

विणकामात आणखी एक अडचण. ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात छेदतात. त्यामुळे तिरपी रेघ विणायची तर ती पायऱ्यापायऱ्यांनी चढवावी लागते. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर जवळून पाहा. त्याच्या मानेचा बाक लहान लहान पायऱ्यांनी साधलेला असतो. सर्व दिशांना जाणारे केसाएवढे बारीक किरण मागावर उतरवणे म्हणूनच फार जिकिरीचे.

यातून वाट निघाली ती छपाईने. पूर्वी मोठी छपाई कोरलेल्या तांब्याच्या रुळांनी होई. रूळ कोरायला इतका खर्च येई, की हजारो वार कापड खपण्याची खात्री असल्याशिवाय कारखानदार नव्या नक्षीला हात लावत नसे. युद्धानंतर चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग उतरवण्याची स्क्रीन-छपाई वाढली. तिचा खर्च बेताचा. नवी, धाडसी नक्षी थोड्याच वारांत छापून पाहता येऊ लागली, आणि बारीक रेघही स्वच्छ उठू लागली. मग कलावंतांनी तोड काढली, ती अशी: एका मोठ्या सूर्याऐवजी लहान लहान किरणचक्रे कापडभर उधळून द्यायची. काही मोठी, काही छोटी, काहींच्या टोकांना ठिपके. चुणी कोठेही पडो, दहा झाकली तरी वीस दिसणारच! अमेरिकेत जाडसर, खरबरीत पोताच्या 'बार्कक्लॉथ' या सुती कापडावर असे पडदे घरोघर लागले. बशांवरही हीच युक्ती चालली. लॉस एंजेलिसच्या ग्लॅडिंग मॅकबीन कंपनीने १९५४ साली काढलेल्या 'स्टारबर्स्ट' नावाच्या चिनीमातीच्या भांड्यांवर निळी-हिरवी-पिवळी किरणफुले विखुरली आहेत. जुन्या वस्तू जमवणारे आजही ती शोधत फिरतात.

इंग्लंडने वेगळीच वाट धरली. तेथे अणूचे चित्र कल्पनेने काढण्याऐवजी ते प्रयोगशाळेतूनच मागवले गेले! हेलन मेगॉ या विदुषी स्फटिकांचा अभ्यास करत. क्ष-किरणांच्या साहाय्याने काढलेल्या अणुरचनेच्या आकृत्या कापडावर शोभतील, ही त्यांची सूचना. १९५१ साली लंडनमध्ये 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' भरला तेव्हा २८ कारखानदारांनी मिळून अशा आकृत्यांवरून पडदे, भिंतीचे कागद, लेस आणि गालिचे तयार केले. इन्सुलिन, हिमोग्लोबिन, बोरिक ॲसिड यांच्या नक्षा झाल्या. मारिआन स्ट्राउब यांनी 'आफविलाइट' या खनिजाच्या रचनेवरून विणलेले पडदे तेथल्या रेगाटा उपाहारगृहात लागले होते. मधुमेहाच्या औषधाची नक्षी भिंतीवर आणि समोर टेबलावर गोड पदार्थ, असा तो मजेचा योग!

या इंग्रजी नक्ष्यांत किरण कमी आणि वलये जास्त; पण ओढ तीच. अणू म्हणजे नुसता बाँब नाही, त्याच्या आत सुबकपणा आहे, शिस्त आहे, हे घरच्या माणसांना डोळ्यांनी पाहायचे होते.

तोंड असलेला सूर्य

सगळेच सूर्य अणूच्या घरचे नव्हते. अलेक्झांडर जिरार्ड या कलावंताने १९५२ पासून हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचा कापड विभाग सांभाळला. त्यांना लोककलेचे वेड होते. देशोदेशींची खेळणी, बाहुल्या, देवतांची चित्रे, भरतकाम असे एक लाखाहून अधिक नमुने त्यांनी जमवले; ते आता सांता फे येथील संग्रहालयात आहेत. १९५५ साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भारतीय वस्त्रे आणि अलंकार यांचे मोठे प्रदर्शन भरले, त्याची मांडणी जिरार्ड यांचीच. त्यावर लघुपट काढणारे चार्ल्स आणि रे ईम्स हे दांपत्य पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले. त्यांच्या १९५८ च्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली.

जिरार्ड यांनी १९६० साली न्यू यॉर्कमध्ये 'ला फोंदा देल सोल', म्हणजे सूर्याची खानावळ, सजवली. तेथे भिंतींवर सूर्य, ताटल्यांवर सूर्य, खाद्यपदार्थांच्या यादीवर सूर्य, आगपेट्यांवरसुद्धा सूर्य. आणि एकासारखा दुसरा नाही. लॅटिन अमेरिकेतल्या लोककलेतून आलेले हे सूर्य हसरे, गोबरे, डोळे वटारणारे, मिश्कील होते. रथसप्तमीला आपल्याकडे रांगोळीत किंवा पाटावर जो सूर्य काढतात, त्याला नाकडोळे असतात. वारली चौकात कोपऱ्यावर चंद्रासोबत सूर्य हजर असतो. ही मंडळी एकाच गोतावळ्यातली. नेल्सन-हार्पर यांच्या सूर्याला चेहरा नाही. जिरार्डच्या सूर्याला चेहरा आहे. पहिल्याकडे पाहून आपण थक्क होतो, दुसऱ्याला हाक मारावीशी वाटते.

पुलावरचा सूर्य

घड्याळाच्या गोष्टीतले नोगुची आठवतात ना? त्यांचे वडील जपानी कवी आणि आई अमेरिकन. युद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, तेव्हा १९४२ साली हे गृहस्थ आपण होऊन ॲरिझोनातल्या छावणीत राहायला गेले होते. युद्धानंतर हिरोशिमात शांतिउद्यान उभे राहू लागले आणि तेथे जाणाऱ्या दोन पुलांच्या कठड्यांचे काम त्यांना मिळाले. ते १९५२ साली पुरे झाले. पश्चिमेकडच्या पुलाचा कठडा नावेच्या सांगाड्यासारखा आहे. या जगातून निघून जाण्याची ती खूण. पूर्वेकडच्या कठड्याच्या टोकाला मात्र आकाशाकडे तोंड करून बसलेला एक गोल सूर्य आहे. त्याचा अर्थ पुन्हा उभारणी. बाँबमध्ये गेलेल्यांसाठी स्मारकही नोगुचींनी कल्पिले होते; पण ते अमेरिकन नागरिक असल्यामुळे त्यांचा आराखडा नाकारला गेला.

हा सूर्य साधा आहे. त्याला पितळी दांडे नाहीत, रंगीत गोळे नाहीत. तो काँक्रीटचा आहे आणि जमिनीवर टेकलेला आहे. ज्या गावात माणसाने केलेला सूर्य कोसळला, तेथे जमिनीवर टेकलेला सूर्य पुन्हा घडवण्याचे काम त्या गोष्टीतल्याच एका माणसाकडे आले, याहून अधिक काय सांगावे?

आपल्या घरी आणायचा तर

१९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि किरणांच्या झुंबरांना लोक 'स्पुटनिक' म्हणू लागले. १९६६ साली न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराला ऑस्ट्रियाने व्हिएन्नात घडवलेली किरणझुंबरे भेट दिली. प्रयोग सुरू होण्याआधी प्रेक्षागृहातली ती झुंबरे हळूहळू छताकडे चढतात. पुढे अभिरुची बदलली आणि किरणांची घड्याळे माळ्यावर गेली. १९९९ पासून व्हित्रा या स्विस कंपनीने नेल्सन कचेरीची घड्याळे पुन्हा काढायला घेतली, आणि नकलांचा तर सुकाळ झाला.

यंदाच्या दिवाळीत कोणाला असा आरसा किंवा घड्याळ घ्यायचे असेल, तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. किरणचक्राला भोवती मोकळी भिंत लागते. त्याला फोटोंच्या आणि कॅलेंडरच्या गर्दीत कोंबू नये. एका खोलीत एकच सूर्य पुरे. आरसा असेल तर तो खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावावा, म्हणजे बाहेरचा उजेड खोलीत खेळेल. आणि दांडे पितळी दिसले म्हणून लगेच चिंच घेऊन घासायला बसू नये. अशा दांड्यांवर बहुधा वार्निशचा पातळ लेप असतो, तो निघाला की डाग पडतात. मऊ कोरड्या फडक्याने पुसले की काम भागते.

आणि मुले विचारतील, 'याला आकडे का नाहीत?' तेव्हा त्यांना ही सारी गोष्ट सांगावी. जी आग घर जाळू शकते, तिलाच आपण थेंबभर तेलात आणि बोटभर वातीत बसवून उंबरठ्यावर ठेवतो. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या माणसांनीही, आपल्या परीने, तेच केले. त्यांच्यासमोर पेटलेली आग कितीतरी मोठी होती, आणि तिला बसवायला त्यांच्यापाशी बारा काड्या आणि बारा गोळे होते. पणती करणाऱ्या कुंभाराचे नाव आपल्याला ठाऊक नसते. या घड्याळवाल्याचे ठाऊक आहे, तेव्हा तेही मुलांना सांगावे: अर्व्हिंग हार्पर.